फोटो ठेवायचे कुठे आणि दाखवायचे कुणाला

तुळशीचं लग्न लागलं की नाशिकच्या लॉन्सवर तारखा मिळेनाशा होतात. लग्न पार पडतं, पाहुणे आपापल्या गावी जातात आणि महिना-दीड महिन्यात फोटोग्राफर पेनड्राइव्ह आणून देतो. त्यात चार-पाच हजार फोटो असतात. पुण्याची आत्या, बडोद्याचे मामा, दुबईतला चुलतभाऊ, सगळ्यांना ते हवे असतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून साधे पाठवले तर फोटो दाबले जातात आणि मोठे करून बघायला गेलं की चेहरे धूसर होतात. ‘डॉक्युमेंट म्हणून पाठव, क्लिअर येतो’ असं कुणीतरी सुचवतं, पण हजारो फोटो असे पाठवायचे तर दोन्हीकडचे फोन भरून जाणार. शेवटी घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या पोराला सांगितलं जातं, ‘एखादी फुकट साइट बघ ना रे, सगळे टाकता येतील अशी. पण आपल्याच माणसांना दिसले पाहिजेत हं.’

पोरगा पाच मिनिटांत उत्तर शोधून देतो : जिथं सगळ्यात जास्त जागा फुकट, ती साइट. मला हे उत्तर धोक्याचं वाटतं. जागा किती मिळते हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा आहे. फोटो सांभाळून ठेवणं हे एक काम आहे आणि ते चार माणसांना दाखवणं हे दुसरं. आपण दोन्ही कामं एकाच फुकट खात्यावर सोपवून मोकळे होतो आणि मग फोटो धड टिकतही नाहीत, धड खासगीही राहत नाहीत. फुकट साइट वापरायला माझी हरकत नाही. ती दाखवण्यापुरती आणि थोड्या दिवसांपुरती वापरावी. ठेवण्याचं काम तिच्यावर सोडू नये. आणि दुसऱ्यांच्या लेकरांचे फोटो त्यांच्या आईबापांना विचारल्याशिवाय कुठंच चढवू नयेत.

फुकट जागांचं आजवर काय झालं ते आधी बघू. २००५ ते २०१० च्या सुमारास जे कॉलेजात होते त्यांचे सहलीचे आणि गॅदरिंगचे फोटो ऑर्कुटवर होते. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. पिकासावर ज्यांनी अल्बम केले होते त्यांचं पिकासा २०१६ मध्ये गुंडाळलं गेलं. गूगल फोटोज २०१५ मध्ये आलं तेव्हा थोड्या कमी दर्जाचे फोटो कितीही ठेवा, पैसे नाहीत, असा त्याचा वायदा होता. १ जून २०२१ पासून तो संपला. आता १५ जीबी मिळतात, त्यात जीमेल आणि ड्राइव्हही बसवायचं. एक फोटो सरासरी चार एमबीचा धरला तर साडेतीन-पावणेचार हजार फोटोंत ही जागा संपते, म्हणजे एका लग्नातच. जागा संपली की नवीन मेल यायची थांबतात आणि मग घाईघाईनं काहीतरी डिलीट केलं जातं. बहुतेक वेळा ते जुने फोटोच असतात.

यापेक्षा बोलकी गोष्ट फोटोबकेटची आहे. ही साइट २००३ मध्ये सुरू झाली. लोकांनी तिथं फोटो ठेवले आणि त्यांच्या लिंका जगभर इतर पानांवर लावल्या. हे सगळं वर्षानुवर्षं फुकट चाललं. २०१७ च्या उन्हाळ्यात कंपनीनं नियम बदलला. दुसऱ्या पानावर फोटो दिसायला हवे असतील तर वर्षाला ३९९.९९ डॉलर भरा. ज्यांनी भरले नाहीत त्यांचे फोटो जिथं जिथं लावले होते तिथं फोटोच्या जागी पैसे भरा अशी पाटी दिसू लागली. पुढं २०२४ मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेनं बातमी दिली की हीच कंपनी आपल्याकडचे १३ अब्ज फोटो आणि व्हिडिओ कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासाठी देण्याच्या वाटाघाटी करते आहे. दहा-पंधरा वर्षांपूर्वी विसरून गेलेल्या खात्यातल्या कुणाच्या तरी बारशाच्या फोटोला असा भाव येतो. तो भाव ठरवताना त्या घरातल्या कुणालाही कुणी विचारत नाही.

फ्लिकरनं वेगळी वाट धरली आणि ती मला जास्त प्रामाणिक वाटते. २०१३ मध्ये, याहूच्या ताब्यात असताना, फ्लिकर १ टीबी फुकट देत होतं. २०१८ मध्ये स्मगमग या कंपनीनं ते विकत घेतलं आणि २०१९ पासून फुकट खात्याला १००० फोटोंची मर्यादा घातली. २०२२ मध्ये आणखी एक नियम आला : फुकट खात्यात जाहीर न केलेले फोटो फक्त ५० ठेवता येतील. सगळ्यांना दिसणारे हजार, झाकलेले पन्नास. खासगी फोटो सांभाळायला खर्च येतो आणि त्यातून साइटला काहीच मिळत नाही, हे या नियमात उघड लिहिलेलं आहे. जाहीर फोटोमुळे लोक येतात, जाहिराती बघतात, खाती उघडतात. तुमच्या आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचे फोटो बाराच माणसं बघणार असतील, तर ते ठेवण्यात कंपनीला काय रस असणार?

सगळ्याचं मूळ इथं आहे. सांभाळणाऱ्याचं पोट कशावर चालतं? पंचवटीत बाहेरगावचा यजमान श्राद्धकर्मासाठी येतो, आडनाव आणि मूळ गाव सांगतो, आणि त्याच्या घराण्याचे तीर्थोपाध्याय जुन्या चोपड्या काढून त्याच्या पणजोबांनी केलेली नोंद दाखवतात. पिढ्यान् पिढ्या या नामावळ्या टिकल्या, कारण सांभाळणाऱ्याचा चरितार्थ त्याच घराण्यांच्या दक्षिणेवर होता. नोंद गेली तर यजमान गेला. फुकट साइटचा तुमच्याशी असा कुठलाच संबंध नसतो. तिचा पैसा जाहिरातदारांकडून, गुंतवणूकदारांकडून किंवा पुढंमागं तुम्ही मोठं पॅकेज घ्याल या आशेतून येतो. ही आशा संपली की नियम बदलतात. म्हणून कुठल्याही साइटवर फोटो चढवण्यापूर्वी मी पहिला प्रश्न हाच विचारायला सांगेन, की हिला पैसे कोण देतं. उत्तर सापडत नसेल तर तिथं एकही फोटो ठेवू नये.

आता ‘आपल्याच माणसांना दिसले पाहिजेत’ या अटीकडे येऊ. लोक याबाबतीत फार भाबडे आहेत असं मला दिसतं. अल्बमची लिंक ग्रुपवर टाकली म्हणजे तो ग्रुपपुरता राहिला असं समजलं जातं. बहुतेक साइटवर लिंकनं शेअर करण्याचा अर्थ, ज्याच्या हाती लिंक तो बघणार, इतकाच असतो. त्याला खातं लागत नाही, नाव सांगावं लागत नाही. घरच्या ग्रुपमधून ती लिंक साडूच्या ग्रुपवर जाते, तिथून सोसायटीच्या. फोटोंची लिंक पुढं ढकलताना कुणाला संकोच वाटत नाही, कारण फोटो कौतुकाचेच असतात. वर्षभरानं ती लिंक तशीच चालू असते आणि ती बंद करायची असते हेच कुणाच्या ध्यानात नसतं. अल्बममध्ये लग्नमंडपातले फोटो असतात, तसेच हळदीचे, मेंदीच्या रात्रीचे, नवरी तयार होतानाचे, अंगणात आंघोळ घातलेल्या लहानग्यांचेही असतात. फोटोग्राफरनं सगळं एकाच फोल्डरमध्ये दिलेलं असतं, आपणही ते एकाच अल्बममध्ये चढवतो.

फोनवरून काढलेल्या फोटोत दिसत नाही अशी एक गोष्ट असते : लोकेशन चालू असेल तर फोटो नेमका कुठं काढला त्याचे अक्षांश-रेखांश फाइलमध्ये लिहिलेले असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर ही माहिती गळून पडते. पण ‘डॉक्युमेंट म्हणून पाठव’ हा सल्ला पाळला की मूळ फाइल जाते आणि तिच्याबरोबर पत्ताही जातो. मूळ दर्जाचे फोटो ठेवणाऱ्या साइटवरही, सेटिंगमध्ये बंद केलं नसेल तर, हेच होतं. इंदिरानगरच्या एखाद्या फ्लॅटच्या बाल्कनीत उभ्या असलेल्या मुलीचा फोटो ती कुठल्या इमारतीत राहते हे सांगू शकतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमधलं लोकेशन बंद करायला अर्धं मिनिट लागतं. घरातल्या सगळ्यांच्या फोनवर ते आजच करून टाकावं.

लिंक नीट ठेवली तरी आणखी एक बघणारा उरतो, तो म्हणजे कंपनी स्वतः. नावाजलेल्या साइट फोटो सांकेतिक रूपात साठवतात, पण ते उलगडण्याची किल्ली त्यांच्याकडेच असते. गूगल म्हणतं की फोटोंवरून आम्ही जाहिराती दाखवत नाही, आणि ते खोटं आहे असं म्हणायला माझ्याकडे काही आधार नाही. पण यंत्र तपासणी करतं. त्यातून काय होऊ शकतं याचं एक उदाहरण न्यू यॉर्क टाइम्सनं २०२२ मध्ये मांडलं. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका बापानं आजारी मुलाच्या दुखऱ्या जागेचा फोटो डॉक्टरांना दाखवण्यासाठी काढला. तो आपोआप गूगलच्या खात्यात चढला आणि यंत्रानं त्याला बाललैंगिक अत्याचाराचं चित्र ठरवलं. पोलिसांनी चौकशी केली आणि बाप निर्दोष असल्याचं सांगितलं. तरी त्याचं खातं परत मिळालं नाही, त्यातले मेल, संपर्क आणि मुलाच्या जन्मापासूनचे फोटो सगळं गेलं. अशी चित्रं शोधून काढलीच पाहिजेत, त्याबद्दल दुमत असूच शकत नाही. प्रश्न एवढाच आहे की घराची सगळी स्मृती एकाच खात्यात ठेवली तर एका चुकीच्या शिक्क्यानं ती जाऊ शकते, आणि फुकट खातेदारानं दाद मागितली तरी ती लागेलच असं नसतं.

कंपनीची नियत फिरली तर काय होतं तेही घडून गेलं आहे. एव्हर नावाचं फोटो साठवण्याचं एक अ‍ॅप होतं. तिथं लोकांनी विश्वासानं ठेवलेल्या घरगुती फोटोंवर त्या कंपनीनं चेहरे ओळखणारी प्रणाली तयार केली आणि ती प्रणाली विकायला काढली. खातं बंद करणाऱ्यांचे फोटोही तिनं पुसले नव्हते. २०२१ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं ते फोटो आणि त्यांच्यावर बेतलेल्या प्रणाल्या दोन्ही नष्ट करायला लावल्या. त्याआधी २०१९ मध्ये उघड झालं होतं की आयबीएमनं फ्लिकरवरच्या जवळजवळ दहा लाख फोटोंतून चेहऱ्यांचा संच तयार केला होता. ते फोटो जाहीर होते आणि त्यांच्या परवान्यात असा वापर बसतही असेल. पण फोटो टाकणाऱ्यानं आपल्या भाच्याचा वाढदिवस दाखवायचा म्हणून तो टाकला होता. भाच्यानं तर कशालाच होकार दिलेला नव्हता.

या भाच्याचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. फोटो कुठं ठेवायचे ही ज्याची त्याची घरगुती बाब आहे, असं म्हणून आपण हा विषय सोडून देतो. पण फोटोत एकटा फोटोचा मालक नसतो. आणि नाशिकसारख्या शहरात आता व्यक्तींपेक्षा संस्था जास्त फोटो चढवतात : शाळा, क्लासेस, पाळणाघरं, सोसायट्या, गणेश मंडळं, ढोल पथकं, लग्नाचे फोटोग्राफर. त्यातल्या प्रत्येकाचा फुकट खात्यांवर डोळा असतो, कारण बजेट नसतं.

लग्नाच्या हॉलच्या दारात हल्ली एक क्यूआर कोड लावलेला दिसतो. तो स्कॅन करायचा, स्वतःचा सेल्फी द्यायचा, की हजारो फोटोंतून तुमचे तेवढे निघून फोनवर येतात. सोय मोठी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. काकूंना आपले सहा फोटो शोधायला पाच हजार चाळावे लागत नाहीत. पण हे होण्यासाठी मांडवातल्या प्रत्येकाचा चेहरा आधीच मोजून नोंदवावा लागतो. जेवणाच्या पंगतीतल्या म्हाताऱ्यांचा, वाढप्यांचा, आचाऱ्याबरोबर आलेल्या पोरांचासुद्धा. त्यांतल्या कुणीही सेल्फी दिलेला नसतो. शिवाय समोर उभ्या माणसानं स्वतःचाच चेहरा द्यावा अशी तपासणी जिथं नाही, तिथं कुणाचाही एक फोटो घेऊन त्या व्यक्तीचे त्या दिवसाचे सगळे फोटो काढून घेता येतात. एखाद्या मुलीच्या मागं लागलेल्या माणसाला याहून सोपं साधन कुठलं हवं? यजमानानं फोटोग्राफरला विचारायला हवं की ही नोंद किती दिवस राहते, कुणाच्या सर्व्हरवर राहते आणि पुसली कधी जाते. आपण मेन्यूत कोशिंबीर कुठली यावर अर्धा तास बोलतो, याच्यावर मिनिटभरही बोलत नाही.

शाळांचं तर मला खरंच काळजीचं वाटतं. स्नेहसंमेलन झालं की दुसऱ्या दिवशी वर्गाच्या ग्रुपवर लिंक येते, तिथं पहिलीपासून दहावीपर्यंतच्या मुलामुलींचे नाचाचे, रंगभूषेचे, कपडे बदलतानाचेसुद्धा फोटो एकत्र असतात. फोल्डरला नाव इयत्ता आणि तुकडीचं. मुलाचा चेहरा, शाळा, वर्ग आणि गणवेश एका जागी, उघड्या लिंकवर. शिक्षकांचा हेतू चांगला असतो. त्यांना हे काम शाळा सुटल्यावर, स्वतःच्या फोनवरून, बहुतेकदा स्वतःच्याच फुकट खात्यावरून करावं लागतं. मग ते शिक्षक दुसऱ्या शाळेत गेले की शाळेचा सगळा अल्बम त्यांच्या खासगी खात्यात राहतो. शाळेला त्याच्यावर काही अधिकार राहत नाही.

कायदा आता या दिशेनं येतो आहे. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचं एकमतानं सांगितलं. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि त्यातली मुख्य बंधनं १८ महिन्यांनी, म्हणजे २०२७ च्या मे महिन्यापासून लागू व्हायची आहेत. या कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण मूल आहे आणि त्याची माहिती वापरायची तर पालकाची पडताळता येईल अशी संमती लागते. शाळांना शैक्षणिक काम आणि सुरक्षा यांच्यापुरती काही सवलत आहे. स्नेहसंमेलनाचा अल्बम उघड्या लिंकवर टाकणं या सवलतीत बसत नाही, असं माझं मत आहे. घरगुती वापराला कायदा लागू नाही, आणि ते योग्यच आहे. आईनं आत्याला फोटो पाठवायला परवाना लागू नये. मात्र याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे : माणसानं स्वतःहून जाहीर केलेली माहिती कायद्याच्या संरक्षणाबाहेर जाते. म्हणून अल्बम ‘पब्लिक’ करण्याचं ते एक बटण दाबताना जपावं. पुढं तक्रार करायची वेळ आली तर तेच आड येऊ शकतं.

शाळांनी मे २०२७ ची वाट बघू नये. प्रवेशाच्या अर्जात फोटोबाबत वेगळी ओळ असावी आणि ‘नको’ म्हणणाऱ्या पालकाच्या मुलाला नाचातून बाहेर काढलं जाऊ नये. अल्बम शाळेच्या खात्यावर असावा, इयत्तेप्रमाणे वेगळा, पासवर्डनं बंद, आणि वर्ष संपताना पुसला जावा. यासाठी लागणारा खर्च स्नेहसंमेलनाच्या मांडवाच्या खर्चापुढं काहीच नाही.

आणखी एका कारणानं हा प्रश्न नाशिकला घाईचा आहे. २०२७ मध्ये सिंहस्थातली मुख्य स्नानं होतील. रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरच्या कुशावर्तावर लाखो लोक येतील, प्रत्येकाच्या हातात फोन असेल. प्रयागराजच्या महाकुंभाच्या वेळी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, स्नान करणाऱ्या बायकांचे व्हिडिओ समाजमाध्यमांवर टाकणाऱ्या आणि विकायला काढणाऱ्या खात्यांवर उत्तर प्रदेश पोलिसांना गुन्हे नोंदवावे लागले. घाटावर फोटो काढूच नका असं कुणी म्हणणार नाही, यात्रेच्या आठवणी लोकांना हव्यातच. पण आपल्या घरच्यांच्या फोटोमागं ओलेत्या उभ्या असलेल्या अनोळखी बाईचाही फोटो आपण घेतलेला असतो. तो अल्बम उघड्या लिंकवर चढवताना तिचा विचार करायचं काम आपलं आहे, कारण तिला ते कधी कळणारच नाही. प्रशासनानं घाटांवर कपडे बदलायच्या जागांइतकीच कॅमेऱ्यांना मनाई असलेल्या जागांची आखणी करावी, आणि ती आत्तापासून जाहीर करावी.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यात कंत्राटावर काम करणाऱ्या माणसाला महिन्याला शे-दीडशे रुपये फोटोंसाठी घाल असं सांगणं सोपं आहे, त्याला ते जड जातं. निफाडच्या आजीला व्हॉट्सअ‍ॅपशिवाय दुसरं काही उघडता येत नाही. खासगीपण ही पैसेवाल्यांचीच चैन ठरणार का? मला वाटतं, काम वेगळं केलं तर खर्च उलट कमी होतो. आजीला चार हजार फोटो नको असतात. तिला निवडलेले तीस हवेत आणि ते व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले तर पुरे. तिथले संदेश दोन्ही टोकांच्या मधल्या कुणाला वाचता येत नाहीत, ही व्यवस्था २०१६ पासून सगळ्यांना फुकट आहे. बॅकअप मात्र आपोआप तसा सुरक्षित होत नाही, त्याचं वेगळं बटण सेटिंगमध्ये सुरू करावं लागतं. आणि तीस फोटोंचे प्रिंट रविवार कारंजावरच्या किंवा कॉलेज रोडवरच्या कुठल्याही स्टुडिओतून काढून आजीच्या हातात दिले, तर त्याहून खासगी काय आहे?

बाकी सगळे फोटो ठेवायला घरातली हार्ड डिस्क लागते. ती काही हजारांत येते आणि भाऊ-बहिणी मिळून घेतली तर कुणालाच जड जात नाही. एक आपल्या घरी आणि एक दुसऱ्या गावी, भावाकडे किंवा माहेरी. दुसऱ्या गावी अशासाठी, की गोदावरीच्या पात्रातला दुतोंड्या मारुती पाण्याखाली गेला की सराफ बाजारात, भांडी बाजारात काय होतं हे नाशिककरांना २०१६ ला आणि २०१९ ला दिसलेलं आहे. पुरात भिजलेले अल्बम वाळत घातलेली घरं अजून लोकांना आठवतात. हार्ड डिस्क पाण्याला, पडण्याला आणि वयाला बळी पडते, म्हणून एकीवर विसंबू नये आणि दर दिवाळीच्या आवराआवरीत ती एकदा लावून बघावी. पैसे भरून घेतलेली ऑनलाइन जागा ही तिसरी प्रत म्हणून चांगली. गूगलचं खातं दोन वर्षं उघडलं गेलं नाही तर कंपनी ते पुसू शकते. घरातलं कुणी वारलं की त्याच्या खात्यातले फोटो असेच जातात. ‘इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ या नावाची सोय तिथं आहे, तिच्यात मुलाचं किंवा मुलीचं नाव घालून ठेवावं.

दाखवण्यासाठी फुकट साइट निवडताना मी स्वतः अशी साइट बघेन जिथं फोटो फोनमधून निघण्यापूर्वीच सांकेतिक होतो आणि किल्ली कंपनीकडे नसते. स्वित्झर्लंडचं प्रोटॉन ड्राइव्ह असं आहे. एन्टे हे खास फोटोंसाठी केलेलं अ‍ॅपही असंच आहे, त्याचा कोड सगळ्यांना तपासायला खुला आहे आणि त्याच्या लिंकला पासवर्ड आणि मुदत लावता येते. दोन्हीकडे फुकट जागा थोडी मिळते, लग्नाचे सगळे फोटो मावणार नाहीत. दाखवायला ती पुरते, आणि दाखवून झालं की रिकामी करता येते. एक किंमत मात्र इथं मोजावी लागते : पासवर्ड आणि तो विसरल्यास लागणारी ‘रिकव्हरी की’ दोन्ही हरवले तर कंपनीही फोटो परत देऊ शकत नाही. ती ‘की’ कागदावर लिहून घराच्या कागदपत्रांच्या पिशवीत ठेवावी. ज्यांना गूगल फोटोजच सोयीचं आहे त्यांनी लिंकऐवजी त्या-त्या माणसाच्या खात्याला अल्बम द्यावा, लिंक द्यावीच लागली तर महिन्याभरानं शेअरिंग बंद करावं. सगळे फोटो एकदम उतरवून घेण्याची सोय जिथं नाही अशा साइटकडे तर फिरकूच नये, ती कितीही जागा देवो.

या हंगामात ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांनी फोटोग्राफरला इसार देतानाच चार गोष्टी पावतीच्या मागं लिहून घ्याव्यात. लिंकला पासवर्ड असेल आणि ती ठरलेल्या तारखेला बंद होईल. सेल्फी देऊन फोटो शोधायची सोय लावायची असेल तर दारात तसा फलक मराठीत असेल, आणि चेहऱ्यांची नोंद त्याच तारखेला पुसली जाईल. नवरीच्या खोलीतले आणि लहान मुलांचे जवळून काढलेले फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये, फक्त घरच्यांच्या हाती दिले जातील. आणि फोटोग्राफरच्या स्वतःच्या संगणकावरची प्रत किती महिने राहील, त्यातला एकही फोटो त्याच्या जाहिरातीत विचारल्याशिवाय जाणार नाही, हे तो लिहून देईल.